घरच्यांना पाठ असलेला नियम

धाकटीला मिळण्यासारखं काय होतं, ते आधी मांडून ठेवू. चौसष्ट पानांची एक पुरवणी. तिच्या मुखपृष्ठावर नाव, एकटीचं, ठळक टायपात. आणि पाहुण्यांशी ओळख करून देताना वहिनी जे म्हणायची, "ही आमची नणंद, ह्याला खेळात मदत करते," ते वाक्य कायमचं बंद. चौदा वर्षं भावाच्या खेळाचे नियम खरडून, खोडून, पुन्हा खरडून आजवर तिच्या पदरात पडलं होतं ते मूळ पुस्तकाच्या शेवटी आभारांच्या यादीतलं सातवं स्थान. सहावं स्थान घरातल्या प्रिंटरला होतं. दादाला तो विनोद वाटला होता.

खेळ तसा सोपा. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि अडलं की फासे टाकतात. गोष्टी सगळ्या जपानी अ‍ॅनिमेच्या, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांच्या, वळणाच्या. मोठ्ठ्या डोळ्यांची माणसं, वार करण्याआधी वाराचं नाव ओरडून सांगणारी, हरता हरता भाषण ठोकणारी. दादाचं मूळ पुस्तक दीड वर्षापूर्वी निघालं, सहाशे प्रती गेल्या. पाठीवर त्याने स्वतःच्या हाताने एक वचन लिहिलं होतं: 'खेळायला एवढं पुस्तक पुरे. पुढे येईल ते सगळं ऐच्छिक.'

आता ते पुढचं यायचं होतं. प्रकाशकबाई या वर्षी तीन पुरवण्या काढणार होत्या, दर पुरवणीत अ‍ॅनिमेचा एक प्रकार. भुताखेतांची आणि क्रीडास्पर्धांची, या दोन दादाच्या. त्यांच्याबद्दल ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. तिसऱ्या जागेसाठी दोन मसुदे होते: वहिनीचा महाकाय रोबोंचा, आणि धाकटीचा शाळेतल्या क्लबचा.

निवाडा कसा करायचा ते वहिनीने ठरवलं होतं, कारण अशा गोष्टी त्या घरात वहिनीच ठरवायची. ती नोकरी करायची औषधांच्या कंपनीत. खोक्यात घडी घालून कोंबलेलं जे पत्रक असतं, जे सहसा कुणी वाचत नाही आणि ज्याला वाचावं लागतं त्याची पाचावर धारण बसलेली असते, ते ती लिहायची. बारा वर्षं. त्यामुळे तिचं एकच म्हणणं होतं. "पेशंटच्या घरी जाऊन मी समजावणार आहे का? कागदावर आहे तेवढंच आहे."

त्यातून निघाली मुकी चाचणी. मसुदा आणि मूळ पुस्तक अनोळखी माणसांच्या हाती द्यायचं, ती खेळतील तसं खेळू द्यायचं, आणि लेखकाने मागे खुर्चीवर बसून तोंड शिवून घ्यायचं. एक शब्द बोलला की वहिनीच्या कागदावर एक टिंब. ज्याची टिंबं कमी त्याची पुरवणी. बरोबरी झाली तर ज्याची चाचणी आधी झाली त्याची. वहिनीच्या रोबोंची चाचणी मागच्या रविवारी झाली होती; अनोळखी माणसं मिळाली नाहीत म्हणून दादाच्या कॉलेजच्या मित्रांकडून. दोन टिंबं. धाकटीला एकावर निभावायचं होतं.

तर रविवारी दुपारी दोनला दादाच्या जेवणाच्या टेबलाभोवती तीन माणसं बसली. सूत्रधार झाल्या होत्या पोस्टातल्या बाई, पार्सलच्या खिडकीवरच्या. सोबत एक दातांचे डॉक्टर आणि एक गॅरेजवाला. तिघांनी पुस्तक दुकानातून विकत घेतलेलं, घराशी ओळखदेख काही नाही. भिंतीला टेकून चार खुर्च्या: दादा, धाकटी, कागद-पेन्सिल घेऊन वहिनी, आणि प्रकाशकबाई. बाई मुद्दाम आल्या होत्या. तिसरं नाव आजच ठरवून जायचं होतं.

पहिलं टिंब धाकटीने अकराव्या मिनिटालाच घालवलं. गॅरेजवाल्याने क्लबच्या फाशांऐवजी वर्गाचे फासे उचलले, आणि हिच्या तोंडून गेलंच, "ते नाही, लाल!"

पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज इतका बारीक असतो, पण तिला तो दारावर थाप पडल्यासारखा आला. वहिनीने मान वरही केली नाही.

"लाल होय?" गॅरेजवाला खूश होऊन म्हणाला. "थँक्यू हां ताई."

"त्यांना थँक्यू म्हणू नका," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यामुळे त्यांची एक दाढ गेली."

त्यानंतर धाकटीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि जीभ दातांत धरली. चष्म्याच्या दुकानात ती माणसांचे नंबर काढायची. लोक समोरच्या पाटीवरचं अक्षर चुकीचं वाचतात तेव्हा गप्प बसायची तिला सवय होती. पण ती अक्षरं तिने लिहिलेली नसायची.

तासभर सगळं सुरळीत चाललं. सुरळीत काय, झकास चाललं. डॉक्टर झाले होते वादविवाद क्लबचा गर्विष्ठ अध्यक्ष, गॅरेजवाला झाला होता कुठल्याच क्लबात न टिकलेली एक भांडकुदळ मुलगी, आणि दोघं एकमेकांना असं टोचत होते की प्रकाशकबाईंनी दोनदा तोंडावर रुमाल धरला. धाकटीने मनातल्या मनात मुखपृष्ठाचा रंगसुद्धा ठरवला.

मग मुलगी पडली. म्हणजे खेळात; स्पर्धेच्या मंचावर तिचं सगळं बळ संपलं. पोस्टातल्या बाईंनी मसुदा उचलला आणि वाचलं, "'पात्र पडल्यास येथे मूळ पुस्तकातील आठवणीचा नियम लागू होतो. क्लबमधील आठवणींचे प्रकार पुढे दिले आहेत.'" त्यांनी चष्मा सारखा केला. "बघू. आठवण, आठवण..."

त्यांनी मूळ पुस्तक उघडलं. अनुक्रमणिका पाहिली. लढाईचं प्रकरण पाहिलं. दुखापतींचं पाहिलं. डॉक्टरांनी आपली प्रत काढली आणि मागून पुढे चाळायला घेतली. गॅरेजवाल्याने बोट थुंकीने ओलं करून मधूनच सुरुवात केली. खोलीत नुसता पानांचा आवाज.

धाकटीला पहिली दोन मिनिटं काही वाटलं नाही. असेल सत्तेचाळीसवर. नाही, एक्कावन्नवर. मग तिने डोळे मिटून एक्कावन्नावं पान आठवायचा प्रयत्न केला. पान डोळ्यांसमोर येत होतं. त्यावर तो नियम नव्हता. कुठल्याच पानावर नव्हता.

नियम काय होता ते त्या घरातल्या पालीलासुद्धा पाठ होतं. पात्र पडलं की सोबत्याने त्या दोघांची एक आठवण मोठ्याने सांगायची. टेबलावरच्या सगळ्यांनी ती मध्ये न बोलता ऐकली, तर पडलेला एका बळानिशी उठतो. अकरा वर्षांची असताना धाकटीनेच तो काढला होता. तिचं पात्र मेलं, आणि ते कबूल करायच्या ऐवजी तिने त्या पात्राची आणि दादाच्या पात्राची एक गोष्ट सांगायला घेतली. पंधरा मिनिटं. कुणी काही बोललं नाही. शेवटी दादा म्हणाला, "ऊठ बाई, ऊठ." तेव्हापासून प्रत्येक डावात तसंच. तो नियम आहे हेही ते विसरले होते. श्वास घ्या असं कुणी नियमात लिहितं का? दादाने पुस्तक लिहिलं तेव्हा तो नियम लिहायचाच राहिला. वहिनीने पुस्तक तपासलं, धाकटीने तीनदा तपासलं, मित्रांनी खेळून पाहिलं. सगळ्यांनी न लिहिलेली ओळ डोक्यात घेऊनच वाचलं.

तिने हळूच दादाकडे पाहिलं. दादाच्याही लक्षात आलं होतं. कपाळावर घाम, आणि नजर प्रकाशकबाईंच्या चपलांवर. गेल्या दीड वर्षात त्याला किती पत्रं आली होती! 'तुमचा खेळ फार कठीण आहे, आमची माणसं पडली की उठतच नाहीत.' आणि हा ऐटीत उत्तर पाठवायचा, 'कठीणच ठेवला आहे. जिंकणं स्वस्त नसावं.'

"जरा चहा घेऊ या का?" दादा एकदम म्हणाला. आवाज चिरकला. तो नियमाबद्दल बोलला नव्हता, म्हणून वहिनीची पेन्सिल थांबली, पण तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

स्वयंपाकघरात दादाने नळ पूर्ण सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"गप्प राहा," तो म्हणाला. "अजून अर्धा तास. ते काहीतरी जुगाड करतील आणि पुढे जातील. एकच टिंब राहील तुझं."

"आणि नियम?"

"तुझ्या पुरवणीत घालू. प्रकाशकबाईंना सांगेन, मसुद्यातलं एक पान जोडायचं राहिलं होतं. अगं, विचार कर. मूळ पुस्तक घेतलेल्या प्रत्येकाला तुझी पुरवणी लागणारच. माझी भुतं, माझ्या स्पर्धा, सगळं तुझ्या मागून. तुझीच पहिली निघेल."

"आणि पुस्तकाच्या पाठीवर काय छापलंयस तू?"

"पाठ कोण वाचतं?"

"मी वाचते. सातव्या नंबरला असले तरी."

त्याने नळ बंद केला, पुन्हा सोडला. "हे बघ, चूक माझी आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण ती आत्ता, बाईंच्या समोर... दोन पुरवण्यांचा करार सहीला आहे माझा. त्या म्हणतील, ज्याला स्वतःच्या खेळाचा नियम लिहिता येत नाही त्याची भुतं मी कशाला छापू? तुझं ह्यात काय जातंय ते सांग. तुझं तर वाढतंय."

आणि ते खरंच होतं. तिने कितीही उलटसुलट करून पाहिलं तरी तिचं वाढतच होतं. जे मागायला ती आली होती त्याच्या दुप्पट तो तिच्या हातात ठेवत होता, आणि त्यासाठी तिने करायचं काय, तर काहीच नाही. तिने चहाचा ट्रे उचलला.

"गप्प बसेन," ती म्हणाली. तेव्हा ते तिला मनापासूनच वाटत होतं.

बाहेर डॉक्टर आणि गॅरेजवाला खिडकीपाशी उभे राहून कुठल्याशा गाडीच्या क्लचबद्दल बोलत होते. पोस्टातल्या बाई मात्र जागेवरच होत्या. त्यांनी पुस्तकात कागदाचे कपटे घातले होते, एकोणीस-वीस तरी, आणि पहिल्या पानापासून ओळींखाली बोट फिरवत पुन्हा वाचायला घेतलं होतं. चहाचा कप पुढे आला तेव्हा त्या दचकल्या.

"सॉरी हां," त्या धाकटीला म्हणाल्या. "तुम्ही बोलू शकत नाही, माहीत आहे. मीच बोलते. माझंच काहीतरी चुकतंय. घरीही असंच होतं. मुलगी आणि मी खेळतो, शनिवारी. तिचं माणूस पडलं की पडलंच. ती म्हणते, आई, तुला नीट वाचता येत नाही." त्या हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही. "मी दिवसभर लोकांचे पत्ते वाचते हो. वाचता कसं येत नाही?"

धाकटी ट्रे घेऊन तशीच उभी. दादा दारात. प्रकाशकबाई घड्याळ बघत होत्या.

"तर मी काय म्हणते," पोस्टातल्या बाई पुढे म्हणाल्या, "पुढच्या रविवारी आले तर चालेल का? तोवर सगळं पुस्तक नीट पाठ करते. तुमचं नुकसान नको व्हायला माझ्यामुळे."

चष्म्याच्या दुकानात असली माणसं रोज यायची. पाटीवरचा दिवा गेलेला असला तरी म्हणायची, डोळे माझेच खराब. त्यांना गप्प राहून घरी पाठवायचं धाकटीला कधी जमलं नव्हतं, आणि ह्यात मोठेपणाचं काही नव्हतं. तिला त्याचा संताप यायचा, एवढंच.

"तुमचं काही चुकत नाहीये," ती म्हणाली. "तो नियम पुस्तकात नाहीच. आम्ही लिहायला विसरलो."

क्लचबद्दलचं बोलणं थांबलं.

"विसरलो म्हणजे?" प्रकाशकबाई.

"विसरलो म्हणजे मी विसरलो," दादा दारातून म्हणाला. फार हळू म्हणाला, पण म्हणाला.

वहिनी उठली. तिने मूळ पुस्तक घेतलं, औषधाच्या पत्रकासारखं एक एक ओळ करत तीन प्रकरणं पाहिली, मग आपला रोबोंचा मसुदा पिशवीतून काढला आणि चाळला. "माझ्यात सात ठिकाणी आहे," ती म्हणाली. "रोबो कोसळला की आठवण. सात ठिकाणी. आणि मागच्या रविवारी कुणी विचारलंसुद्धा नाही, कारण ते सगळे ह्याचे मित्र." ती खाली बसली. पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ नुसतीच फिरवली. "मी हे टिंब टाकलं नाही तर चाचणी माझ्या सोयीची झाली असं कुणाला म्हणता येणार नाही. पण टाकलं तर माझ्याच फायद्याचं आहे ते."

"टाक," धाकटी म्हणाली. "बोललेय मी."

"रागावून म्हणतेस?"

"हो. तरी टाक."

दुसरं टिंब पडलं. बरोबरी झाली, आणि रोबोंची चाचणी आधीची.

प्रकाशकबाई व्यवहाराला चोख. त्यांनी दादाला पुढची दहा मिनिटं जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. डॉक्टर आणि गॅरेजवाला फासे गोळा करायचं निमित्त काढून टेबलाखाली गेले होते यावरून कल्पना यावी. शेवटी ठरलं असं: सहाशे लोकांना घरपोच, फुकट, शुद्धिपत्र पाठवायचं. ते गेल्याशिवाय एकही पुरवणी निघणार नाही. करार राहील, पण शुद्धिपत्रावर 'ही चूक लेखकाची आहे' असं दादाच्या सहीने छापायचं. आणि धाकटीकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमची शाळा पुढच्या वर्षी घेते मी. शब्द."

म्हणजे तोपर्यंत धाकटीच्या हातून फक्त एक वर्षच गेलं होतं.

शुद्धिपत्र दादाने लिहायला घेतलं. तीन ओळी लिहिल्या. वहिनीने त्या ओळी पोस्टात नेऊन खिडकीवरच्या बाईंना दाखवल्या आणि गप्प उभी राहिली. बाईंनी विचारलं, "आठवण म्हणजे कशी? खरी की मनाने रचलेली?" तीन ओळी परत आल्या. मग धाकटीने लिहिलं, अकरा ओळी. बाईंनी विचारलं, "दोघं आजच भेटली असतील तर?" धाकटीने आपल्या मसुद्यातून 'पहिल्या दिवसाची आठवण' उचलून त्यात घातली. पुढच्या वेळी 'भांडणाची आठवण' घालावी लागली. मग 'दोघांना वेगवेगळी आठवते ती आठवण', मग कुणी मध्ये बोललं तर काय, मग खोटी सांगितली तर काय.

"अगं, सगळं त्यात ओतू नकोस," एकदा वहिनीच म्हणाली. "थोडं राखून ठेव पुढच्या वर्षाला. नुसता नियम दे."

"नुसत्या नियमाने त्यांना कळतंय का?"

वहिनी बारा वर्षं पत्रकं लिहीत होती. तिला खोटं बोलता आलं नाही. "नाही," ती म्हणाली.

पाचव्या खेपेला पोस्टातल्या बाईंनी कागद वाचला, एकही प्रश्न विचारला नाही, आणि खिडकीमागे रांग खोळंबली असताना म्हणाल्या, "आज शनिवार आहे ना? मी लवकर सुटते." शुद्धिपत्र आठ पानांचं झालं होतं.

प्रकाशकबाईंनी ते वाचलं, मग शाळेचा मसुदा वाचला, मग पुन्हा शुद्धिपत्र. "ह्यातलं चांगलं ते सगळं तिकडे गेलं," त्या म्हणाल्या. "उरलं काय? गणवेश, वेळापत्रक, आणि क्लबांची यादी. हे मी पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने विकू?" त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, म्हणून त्या पटकन दुसऱ्या विषयाकडे वळल्या.

दादाला मात्र राहवलं नाही. "शुद्धिपत्रावर हिचं नाव घालू. ठळक. 'आठवणीचा नियम', आणि खाली हिचं नाव."

"घाला," प्रकाशकबाई म्हणाल्या. "पण लोक शुद्धिपत्रावर नाव पाहिलं की काय समजतात माहीत आहे ना? चूक तिची."

तिघांनी धाकटीकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

आता ह्याची किंमत कुणाला काय पडली ते. गॅरेजवाल्याला आणि डॉक्टरांना एक दुपार, जी ते अजून हसत सांगतात. पोस्टातल्या बाईंना काही नाही. उलट आठ पानं मिळाली. दादाला एक वाक्य, स्वतःच्या सहीचं, सहाशे घरांत. वहिनीला रोबोंची पुरवणी मिळाली, मुखपृष्ठावर नावासकट. ती पाहुण्यांना दाखवताना आता नणंदेची ओळख कशी करून द्यावी ते तिला सुचत नाही, म्हणून नुसतंच "ही आमची धाकटी" म्हणते आणि चहा टाकायला जाते. धाकटीची चौसष्ट पानं गेली, त्यांवरचं नाव गेलं, आणि पुढचं वर्षही. नियम सहाशे टेबलांवर चालतो. त्याच्याखाली कुणाचंच नाव नाही.